न चाखलेलं अवियल

भानुमती दातार लग्न होऊन सोलापूरहून झाशीला आल्या. नवरा विश्वंभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता, म्हणून स्टेशनामागच्या रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं. दाराबाहेर सगळी हिंदी, आत मराठी. पुढे आतही "सब्जी काय आणू?" असं सुरू झालं. बाईंचा हात सढळ, तोंड गोड. कॉलनीत कुणाचं बाळंतपण असो की मुलीचं लग्न, भानुमतीबाई पदर खोचून हजर. आपण आजवर कुणाचं मन दुखावलेलं नाही, असं त्या स्वतःच सांगत.

बासष्ट सालाच्या सुमारास शेजारच्या क्वार्टरमध्ये नायर राहायला आले. ते स्टेशनवर तारा पाठवणारे तारबाबू होते, मूळचे केरळातल्या पालघाटकडचे. त्यांची बायको अंबिका चणीने बारीक, फार कमी बोलणारी. हिंदी शिकली होती ती नवऱ्याचं ऐकून, त्यामुळे स्वतःबद्दलही "मैं आया, मैं गया" असंच बोलायची. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांत कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून विरजण, कढीपत्ता, वर्तमानपत्र असं काहीबाही जात-येत असे. शिजलेलं अन्न मात्र कधी गेलं नव्हतं.

ओणमच्या दिवशी अंबिका पुढच्या दाराने आली. नवी साडी, केसांत फुलं, हातात झाकलेलं पातेलं.

"अवियल है, बहनजी. सब सब्जी मिला के, नारियल में. हमारा त्योहार का है. आप लोग खाना."

भानुमतीबाईंनी दोन्ही हातांनी पातेलं घेतलं, तोंडभरून कौतुक केलं. ती गेल्यावर झाकण उघडलं, तर खोबरेल तेलाचा वास भसकन नाकात शिरला. त्यांच्या लेखी ते तेल न्हाण्याचं, वेणीफणीचं. ते भाजीत? पण खरं सांगायचं तर अडचण तेलाची नव्हती. नायरांच्या घरात मासे शिजत. याच पातेल्यात शिजले असतील, हा विचार एकदा मनात आला तो जाईना.

मागच्या गल्लीत गाय उभी होती. बाईंनी सगळं अवियल तिच्यापुढे ओतलं. पातेलं मोरीत न नेता बाहेरच्या नळावर राखेने घासलं, रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात साखर घातली आणि दुपारी नेऊन दिलं.

"बहुत बढ़िया बना था. हमारे यहाँ तो सबने उँगलियाँ चाटीं!"

अंबिकाने पातेल्याकडे पाहिलं. "अच्छा," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी विश्वंभर घरी आले ते हसतच. "अगं, नायर भेटला होता. त्याच्या सासूने गार्डाच्या हाती गावाकडचे नारळ पाठवले होते. वाटेत नासले, एकच धड निघाला. त्यातलं अर्धं खोबरं आपल्यासाठी वाटलं म्हणे अंबिकाने. माझा वाटा कुठाय?"

भानुमतीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "संपलं. मीच खाल्लं, राहवलं नाही."

विश्वंभरना याची फार मजा वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात नायरांना सांगितलं, की आमच्या हिने माझ्यासाठी घाससुद्धा ठेवला नाही. नायरांनी ते घरी सांगितलं असणारच. एका खोट्याचं असं गाव फिरून येणं बाईंच्या जिवाला लागलं. त्या मागच्या अंगणात जाईनाशा झाल्या. अंबिका समोर आलीच, तर गरजेपेक्षा जास्त हसत. अंबिका पूर्वीसारखीच बोले. भिंतीवरून काही मागायची मात्र थांबली होती.

थंडीच्या तोंडावर भानुमतीबाईंना मलेरियाने धरलं. विश्वंभर ड्यूटीवर गेले की घरात पाणी द्यायला कुणी नसे. एका दुपारी दार ढकलून अंबिका आत आली. तिने मूगडाळीची मऊ खिचडी आणली होती, चकचकीत नव्या पातेल्यात. खाटेजवळ बसून तिने हळू आवाजात सांगितलं,

"नया बर्तन है, बहनजी. इसमें मछली कभी नहीं पका. नारियल तेल भी नहीं डाला. आप खा सकता है."

बाईंना वाटलं, ही जमीन आत्ता दुभंगली तर बरं. ज्या गोष्टीचा उच्चार त्यांनी नवऱ्यापाशीही केला नव्हता, ती या बाईला ठाऊक होती. आणि ठाऊक असून ती रागावली नव्हती. बाजारात जाऊन नवं पातेलं घेऊन आली होती. त्यांनी खिचडी खाल्ली. एकेक घास घ्यायला वेळ लागत होता. अंबिकाला वाटलं, ताप आहे म्हणून.

बऱ्या झाल्यावर त्यांनी नायरांना रविवारी जेवायला बोलावलं. आपल्या हाताने अवियल करायचं, म्हणजे न बोलता सगळं फिटेल, असा त्यांचा हिशेब. खंडेराव गेटच्या बाजारातून सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, कोहळा आणला. देवळापुढच्या दुकानातून नारळ आणले. पण करायचं कसं? विचारायची सोय नव्हती. शेवटी मोहरी-हिंगाची फोडणी दिली, भाज्या परतल्या, खोबरं गुळगुळीत वाटून लावलं, वर गुळाचा खडा टाकला. दही घालून रटरटा उकळलं, ते फाटलं.

पानं वाढली. नायरांनी पहिला घास घेतला आणि ते खाली मान घालून जेवत राहिले. विश्वंभर उत्साहाने म्हणाले, "देखिए, बिलकुल आपके घर जैसा! उस दिन खाया, तब से इसकी ज़ुबान पर था."

ज्याने एकदा जरी अवियल चाखलंय, तो असलं काही करणार नाही, हे त्या पानावर उघडं पडलं होतं. भानुमतीबाई पाणी आणायच्या निमित्ताने उठल्या आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मागोमाग अंबिका आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. या स्वयंपाकघरात तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं, हेही बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं.

"अंदर आइए," त्या म्हणाल्या. अंबिका आत आली. "मैंने नहीं खाया था. वो सब मैंने गाय को..."

"मालूम है," अंबिका म्हणाली. "मैं पीछे कपड़ा सुखाता था. देखा."

"तो आपने कुछ कहा क्यों नहीं?"

"क्या बोलेगा? अम्मा का नारियल था. उस दिन मैं बहुत रोया." मग तिने विचारलं, "नारियल और है?"

एक नारळ उरला होता. अंबिका घरी जाऊन तेलाची बाटली घेऊन आली. उरलेल्या भाज्या तिने बोटभर लांब चिरल्या. हळद-मीठ घालून सुरण आधी, मऊ भाज्या मागून, अशा थोड्या पाण्यात वाफवल्या. खोबरं, हिरवी मिरची, जिरं जाडसर वाटलं. फोडणी नाहीच. आचेवरून उतरवल्यावर दही, मग कढीपत्ता, वरून कच्चं खोबरेल, आणि झाकण. पुरुष मंडळी बाहेर आमटी-भातावर ताटकळत होती.

बाईंनी पहिला घास घेतला तेव्हा तो वास तसाच नाकात चढला. त्यांनी गिळला. पुढच्या घासांना खोबऱ्याची गोडी आणि दह्याचा आंबटपणा कळू लागला. त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. आवडलं म्हणून, की शिक्षा म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना. अंबिका त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्याकडे बघायची बाईंची हिंमत होत नव्हती. विश्वंभरना सगळं त्या रात्री कळलं. ते चिडले नाहीत. "नायरला मी काय काय सांगून बसलो गं," एवढंच म्हणून कूस वळवून झोपले.

नायरांची बदली झाली तोवर दोघींत पुन्हा भिंतीवरून देणंघेणं चालू झालं होतं, शिजलेल्याचंही. पण जुनी मोकळीक आली असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. अंबिका माफ केलं असं बोलली नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

विश्वंभर निवृत्त झाल्यावर दातार ओरछा गेटजवळ स्वतःच्या घरात गेले. वरच्या मजल्यावर बबीनाच्या छावणीतल्या एका हवालदाराचं कुटुंब भाड्याने आलं, बंगालकडचं. त्याची बायको पहिल्याच आठवड्यात वाटी घेऊन खाली आली. माशाचं कालवण होतं. भानुमतीबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि वाटी तिच्या हातात परत दिली.

"मैं मछली नहीं खाती, बेटी. बुरा मत मानना. पर तुम अंदर आओ, चूल्हे के पास बैठो. चाय पीते हैं."

पोरीचा चेहरा क्षणभर पडला. मग ती चप्पल काढून आत आली.