ज्या विहिरीचं पाणी मी तापवलं

सन १९७३. मी चौतीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत. पण भोसरीच्या एका कंपनीतली विहीर, पंप आणि पाइप माझ्या ताब्यात होते. ते काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही असं मी तेव्हा म्हणायचो, आजही म्हणतो.

कंपनीत सुट्या भागांची मापं तपासायची एक खोली होती. लोखंड तापलं की केसाएवढं फुगतं, म्हणून ती खोली गार ठेवावी लागायची. साहेबानं त्यासाठी युक्ती काढलेली. मोठ्या विहिरीचं गार पाणी त्या खोलीच्या भिंतीतल्या नळ्यांतून फिरवायचं, आणि कोमट झालं की लांब ओढ्याकाठच्या दुसऱ्या विहिरीत सोडायचं. तिथून जमिनीत मुरत मुरत ते निवायचं.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. ओढ्याकाठची विहीर कोरडी ठाक. मी सोडलेलं पाणी तिच्या तळाच्या भेगांत गडप व्हायचं, आणि इकडं मोठ्या विहिरीच्या पायऱ्या उघड्या पडत चाललेल्या. गावाकडं माझी आई एका घागरीसाठी टँकरमागं पळत होती, आणि मी इथं पाणी मातीत घालत होतो. एका दुपारी बघवेना. कुणाला न विचारता मी पाइप वळवला आणि ते कोमट पाणी परत मोठ्या विहिरीतच सोडलं. पायऱ्या उघड्या पडायच्या थांबल्या. वाटलं, विहीर वाचवली आपण.

पुढं थोड्याच दिवसांत तपासून गेलेला माल परत येऊ लागला. मापं चुकत होती. ती तपासणारा माझा चाळीतला शेजारी, कोकणातला. त्यानंच शब्द टाकून मला तिथं चिकटवलेलं.

साहेब विहिरीवर आला. "पाणी गार आहे का रे?"

मी हात बुडवला. ऊन मी म्हणत होतं. "बर्फ हाय साहेब."

"थर्मामीटर लावलास?"

"त्यो कशाला? माझा हात हाय की."

साहेब तसाच माघारी वळला. संध्याकाळी शेजाऱ्याला चिठ्ठी आली. उद्या दहाला खुलासा, नाहीतर कामावरून कमी.

तो उंबऱ्यावर बसला होता, चिठ्ठी हातातच. "माझे डोळे गेले काय रे? मी तीन तीनदा मोजतो."

त्याची बायको म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी सांगा. यांची नजर चांगली आहे ना?"

"चांगली हाय वहिनी."

तिनं माठातलं पाणी पुढं केलं. तांब्याला हात लागला आणि बोटं दचकली. गार म्हणतात ते हे. दुपारचं पाणी नुसतं उन्हाच्या मानानं गार होतं. मी वळवलेला पाइप डोळ्यापुढं आला.

सांगावं तर माझी नोकरी जाते. न सांगावं तर त्याची, आणि वर आंधळा म्हणून नाव. त्याच्या समोर बसून मी तांब्या रिकामा केला आणि उठून आलो. ती रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक.

सकाळी पहिल्या भोंग्याआधी मी विहिरीवर गेलो. पाइप हलवला नाही. साहेबाला दिसायला हवा होता. साहेबाची गाडी आत आली तशी विहिरीतून एक बादली ओढली, नेऊन त्याच्या ऑफिसच्या पायरीवर ठेवली आणि ताठ उभा राहून म्हणालो, "ह्यात थर्मामीटर घाला. त्याचे डोळे चांगले हायत. पाणी मी तापवलंय."