ड्रॅगनच्या लढाईत पिंडदान

संघर्ष पगारे लेखक आहे, हे ओझरच्या कारखान्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरा मयुरेश. स्टोअरमधल्या बाकीच्यांची समजूत अशी, की नटबोल्टच्या नोंदीसुद्धा इतक्या मन लावून लिहिणाऱ्या माणसाला घरी बहुतेक कुणी बोलू देत नसावं.

एका दिवाळी अंकात त्याची उडत्या बेटाची गोष्ट छापून आली होती. त्या जोरावर त्याने कादंबरी लिहायला घेतली. गोदावरीच्या तळाशी एक राज्य, तिथला आंधळा राजा, माणसांसारखे बोलणारे मासे, असा सगळा जंगी मामला. कादंबरी पुरी झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांत आपण दुसऱ्याचं एकही पुस्तक शेवटापर्यंत वाचलेलं नाही. पंगतीचं जेवण रांधणाऱ्या आचाऱ्याने स्वतः वडापाववर जगावं तसं हे झालं.

मग त्याने वाचनासाठी वेळ काढायचं ठरवलं. कॉलनीच्या ग्रुपमधून तो बाहेर पडला, आणि त्यावरून तीन शेजारी रुसले. रविवारचा कॅरम सोडला. कारखान्याच्या बसमध्ये मोबाइल बंद ठेवायचा, अशी शपथ घेतली. "वेळ काढताच आहात, तर सिलिंडर लावण्यापुरताही थोडा काढा," असं त्याची बायको स्नेहा म्हणाली. ते त्याने ऐकलं नाही, कारण तो वाचत होता.

वाचायला घेतली तीही अद्भुत कादंबऱ्यांची मालिका. 'नऊ पंखांची राणी'. मूळ इंग्रजी, जगभर गाजलेली. हा मराठी अनुवाद. एकेक खंड असा जाड, की खिडकीला टेकू म्हणून लावला तर वाऱ्याची काय बिशाद.

इथे मयुरेशची गोष्ट सांगायला हवी. संघर्ष नाशिकच्या द्वारका चौकात बसमध्ये चढायचा, मयुरेश पुढे आडगाव नाक्याला. त्याची जागा संघर्ष रुमाल टाकून धरून ठेवायचा. कित्येक वर्षं दोघांनी ओझरपर्यंत जगातल्या सगळ्या माणसांची उणीदुणी काढली होती. संघर्षने पुस्तकात डोकं खुपसलं आणि त्या गप्पा एकदम बंद पडल्या. आठवडाभर मयुरेशने खिडकीबाहेरचे ट्रक मोजले आणि मग म्हणाला, मीही वाचतो, पण हे एक पुस्तक दोघांनी वाचायचं कसं?

तोडगाही त्यानेच काढला. त्याचे ढुंढिराज काका रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. त्यांची पुस्तकं वापरून वापरून खिळखिळी झाली, की पंचवटीतला एक बाइंडर ती पुन्हा शिवून देतो. त्याच्याकडून प्रत्येक खंड मधोमध फोडून घ्यायचा, दोन भाग वेगवेगळे शिवून घ्यायचे आणि अर्धं-अर्धं वाचायचं. संघर्षला ही कल्पना इतकी आवडली, की त्याने खिडकीची जागा कायमची मयुरेशला देऊन टाकली. नव्या वाचकाला उजेड नको?

मयुरेश वाचायचाही झपाट्याने. पहिला भाग तो घरी न्यायचा आणि दोन-तीन दिवसांत "झालं माझं, घे" म्हणत परत द्यायचा. रोजची पन्नास पानं ओढतानाही संघर्षला धाप लागायची. आपण लेखक, आणि वाचक म्हणून हा गडी आपल्याला मागे टाकतो, याचा त्याला थोडा हेवा वाटायचा, बराचसा आनंदही. कारण दोघं एका प्रसंगापर्यंत पोचले, की मयुरेश जे बोलायचा ते ऐकण्यासारखं असायचं. राणीने भावाला का सोडलं, जादूगार खोटं कुठे बोलला, सगळं मुद्देसूद.

अशा वाचकाला आपली कादंबरी दाखवायची नाही तर कुणाला? संघर्षने प्रिंट काढून, स्पायरल लावून ती त्याच्या हाती दिली. त्याआधी ती स्नेहाने वाचायला घेतली होती. तिसाव्या पानावर झोप लागली, असं तिने सरळ सांगितलं. संघर्ष दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलला. मयुरेशने मात्र चारच दिवसांत निकाल दिला. म्हणाला, "एक शब्द बदलू नको. आहे तशी पाठव."

पुण्यातल्या एका प्रकाशकाने सांगितलं होतं, की आम्ही एकदाच वाचतो. नाकारलेलं हस्तलिखित पुन्हा बघत नाही. त्यामुळे पाठवायचं ते पक्कं करूनच पाठवायचं. मयुरेशच्या शब्दावर संघर्षने पक्कं केलं. सोमवारी कुरिअर करायचं ठरलं.

त्याच्या आठवडाभर आधी मयुरेशने चौथ्या खंडाचा पहिला भाग त्याच्या हाती ठेवला. "शेवटी पुलावरची लढाई आहे. तेव्हा रुमाल जवळ ठेव," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी घरी येताना संघर्ष त्या लढाईपाशी पोचला. राणी पुलावर उभी, समोर तीन ड्रॅगन, तिने भाला उचलला. त्याने पान उलटलं. पुढे लिहिलं होतं: दर्भ घेऊन दक्षिणेकडे तोंड करून बसावे. भाताचे पिंड करावे. त्यावर काळे तीळ वाहावे.

आधी त्याला वाटलं, लेखकाने कमाल केली. ड्रॅगनलासुद्धा पितर असतात. मग खाली तपोवन, रामकुंड अशी नावं आली आणि डोक्यात उजेड पडला. बाइंडरने काकांच्या विधीच्या पुस्तकातला सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेला जुडगा, राणीच्या कादंबरीत शिवला होता. लढाईचा फर्मा गायब. पिंडदान आटोपलं तेव्हा राणी लढाई जिंकून तंबूत जखमा धूत बसलेली.

तो एकटाच मोठ्याने हसला. मयुरेशला काय मजा वाटेल, असं मनात आलं आणि त्याचं हसू थांबलं. हा भाग मयुरेशने वाचून दिला होता. पुलावरच्या लढाईसाठी रुमाल जवळ ठेव म्हणाला होता. ज्याच्या घरात हे विधी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ, त्याला लढाईच्या मधोमध स्वतःच्या काकांच्या पुस्तकातलं पिंडदान दिसलं नाही?

शनिवारी बसमध्ये मयुरेश खिडकीशी बसला. संघर्षने सहज विचारल्यासारखं विचारलं, की पुलावरची लढाई कशी वाटली. मयुरेश खुलला. पांढरा घोडा कठड्यावरून कसा कोसळतो, राणीचा सहावा पंख कसा जळतो, हे तो हातवारे करून सांगत राहिला. संघर्ष ते सगळं पहिल्यांदाच ऐकत होता.

"तुझ्याकडे पानं सगळी होती ना रे?"

"सगळी. एकही सोडलं नाही."

संघर्षने पुस्तक उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं. मयुरेश दोन ओळी वाचून थबकला. काकांची पानं ओळखायला त्याला तेवढंच पुरलं.

"व्हिडिओ असतात," तो म्हणाला. "वीस मिनिटांत अख्खं पुस्तक सांगतात."

"सगळे खंड?"

"पहिल्यापासून. अरे, तू पुस्तकात गेलास. माझ्याशी बोलायला मग उरलं काय होतं? निदान राणीवर तरी बोलत होतास."

ते खोटं नव्हतं. पण संघर्षला राणीचं काही पडलं नव्हतं. त्याने पुस्तक मिटून घेतलं.

"माझ्या कादंबरीचा व्हिडिओ कुठे पाहिलास?"

मयुरेशने खिडकीबाहेर पाहिलं. द्राक्षांच्या बागा मागे जात होत्या. ओझर येईपर्यंत तो त्याच पाहत राहिला.

सोमवारी संघर्षने रुमाल टाकला नाही. तो मागे कारखान्यातल्याच पुंजारामशेजारी जाऊन बसला. पुंजाराम द्वारकेलाच घोरायला लागतो आणि वाचनाबद्दल कसलाही दावा करत नाही. आडगाव नाक्याला मयुरेश चढला, उभ्यानेच पाठीमागे आला आणि एक पिशवी त्याच्या हाती दिली. लढाईची पानं सापडली होती, काकांच्या पुस्तकात. "काकांनी वाचली. पुढे राणीचं काय झालं, विचारतायत," असं अवघडून म्हणाला, आणि कादंबरीही आत आहे, तू म्हणशील तर आता खरंच वाचतो, असंही.

"नको," संघर्ष म्हणाला.

पिशवीत दोन्ही होतं. लढाईच्या पानांवर कोपऱ्या-कोपऱ्यांत कुंकवाने लाल झालेल्या अंगठ्याचे ठसे होते. घोडा कोसळतो त्या पानावर तर दोनदा. खाली त्याची स्वतःची कादंबरी होती. झेरॉक्सवाल्याने दिली तशीच कोरी करकरीत. पानं एकमेकांना चिकटलेलीसुद्धा सुटली नव्हती.

त्या दिवशी कुरिअर गेलं नाही. घरी आल्यावर त्याने आधी सिलिंडर लावला. मग स्पायरल स्नेहापुढे ठेवली. ती म्हणाली, आता तिसाव्या पानापासून पुढे वाचायचं का?

"पुढचं राहू दे," तो म्हणाला. "झोप नक्की कुठल्या ओळीला लागली, ते सांग."

स्नेहाने हात पुसले आणि तिसावं नाही, अकरावं पान काढलं.