टाकीचा खोकला

आमच्या न्हाणीतली चूल मी स्वतःच्या हाताने फोडली. पहारीने, आणि अगदी हसतमुखाने. गेल्या थंडीत गच्चीवर सोलरची टाकी बसली त्याच दिवशी. लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज सकाळी त्या चुलीपुढे बसून मी फुंकणी फुंकली होती. ओली लाकडं, डोळ्यांत धूर, केसांना वास. शेजारी पाटावर सासूबाई बसायच्या. मी त्यांना आई म्हणते. हातात चहाची बशी घेऊन त्या अख्ख्या गावाचा पंचनामा करायच्या. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेने भात करपवला, कोण खर्डीच्या बाजारात कुणाबरोबर दिसलं. हे सगळं ऐकून, अंघोळ करून, रिक्षा पकडून आसनगाव गाठायचं म्हणजे लोकल हमखास गेलेली असायची.

टाकी आली आणि मला सकाळी आरशापुढे बसून गरम चहा प्यायला मिळू लागला. ते सुख मी कुणालाही द्यायला तयार नव्हते.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाचं गार पाणीच चटका देतं, त्यामुळे टाकीकडे कुणी बघितलं नाही. पावसाळ्यात सोलर झोपलेलाच असतो, गॅसवर पातेलं ठेवायचं. दसरा झाला, ऊन स्वच्छ पडलं, आणि एका सकाळी मी गरम पाण्याचा नळ सोडला. नळ आधी खाकरला. मग दोनदा शिंकला, पेलाभर कोमट पाणी थुंकला आणि गप्प झाला.

आईंना कोण आनंद झाला. "टाकीला खोकला झालाय गो," त्या म्हणाल्या. "आपली चूल कदी खोकली का?"

चूल नव्हती खोकत, मी खोकत होते. पण हे बोलायची सोय नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, की दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपर्यंत नळाला कढत पाणी आलं तर ठीक, नाहीतर न्हाणीत परत चूल घालायची. नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. संध्याकाळी मी कामावरून आले तर न्हाणीच्या मागे विटा रचलेल्या आणि शेतातल्या मातीचा ढीग. फुंकणी कुठे ठेवली आहे हे त्यांना पाठ होतं, याची मला खात्री होती.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की ऊन कमी पडतंय. त्याने जुन्या बनियनने सोलरच्या काचेच्या नळ्या पुसल्या, मग टाकीतून निघणाऱ्या पाइपावर हात ठेवला आणि बोट तोंडात घालून खाली आला. म्हणजे पाणी तापत होतं, फक्त उतरत नव्हतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही आमच्या तालुक्याची जुनी तक्रार. आता ती आमच्या गच्चीवर येऊन बसली होती.

मग मुरबाडहून प्लंबर बोलावला. माणूस दमदार. नळाला कान लावून त्याने निदान केलं, "वैनी, लायनीत हवा धरलीय." त्याने मिक्सरच्या नळाचं तोंड तळहाताने दाबून धरलं आणि गरम-गार दोन्ही बाजू सोडल्या, म्हणजे गार पाण्याचा जोर गरम पाइपात उलटा चढेल आणि हवेला वर ढकलेल. खळखळ झाली, हात काढला, आणि वाफाळतं पाणी आलं. आम्ही त्याला पोहे केले. त्याची मोटारसायकल रस्त्याला लागते न लागते तोच नळ शिंकला.

दुसऱ्या खेपेला त्याने गच्चीवरचा एक वाकडा जोड बदलला. तिसऱ्या खेपेला तोच जोड परत बदलला. दर वेळी पोहे होत होतेच. शेवटी त्याची नजर टाकीवरच्या उभ्या पाइपाकडे गेली. त्या पाइपावर तांब्याची टोपी होती आणि तिच्या बुडातून वाफेची बारीक रेघ निघत होती.

"हे बघा, इथं लीक हाय," तो म्हणाला. मग टोपीवर टिचकी मारून म्हणाला, "पण माल बघा कंपनीचा. अस्सल तांबं. आजकाल कोण देतंय अशी टोपी?"

नवऱ्याची छाती फुगली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. प्लंबरने टोपीच्या बुडाशी टेप गुंडाळली, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापली आणि वाफेची रेघ बंद केली. आईंनीसुद्धा खालून मान वर करून सांगितलं की ती टोपी त्या कधीपासून बघताहेत, सोलर बसवणाऱ्यांनी चांगल्या मनाने दिली असणार. त्या दिवसापासून नळाचा खोकलाही थांबला. पाणी तर नाहीच, साधी शिंकसुद्धा नाही.

रविवारी सकाळी उठले तर आई मातीवर पाणी शिंपडत होत्या. दिवाळी दोन दिवसांवर. माझं टाळकं सरकलं. मला प्लंबिंगमधलं ओ का ठो कळत नाही. मी गच्चीवर गेले ती केवळ टाकीला चार शिव्या घालायला. टाकीभोवती फिरत, मनातलं सगळं बोलत असताना टोपीवर ऊन पडलं आणि मला तिच्यावर अक्षरं दिसली. उलटी होती. मी मान वाकडी केली. 'चि. सौ. कां. हिला मामाकडून सप्रेम भेट', आणि खाली माझ्या मामाचं नाव, आडनावासकट.

माझा मामा खर्डीला भात लावतो. त्याने सोलरची कंपनी कधी काढली?

मी नवऱ्याला वर बोलावलं. त्याने मान वाकडी करून वाचलं, मग सरळ करून वाचलं, आणि मग हळूच म्हणाला, "पाडव्याला गुढीचा कळक किडलेला निघाला होता."

पुढचं मी त्याच्याकडून वदवून घेतलं. बांबू किडका. आईंना गुढी उंच हवी. गच्चीवर हा पाइप आयता उभा. याने त्यालाच साडी बांधली, कडुलिंब बांधला, गाठी बांधल्या, आणि वर माझ्या लग्नातला तांब्या उपडा घातला. डुगडुगू नये म्हणून आतून चिंधी गुंडाळून चांगला ठोकून बसवला. संध्याकाळी बाकी सगळं उतरलं, तांब्या काही निघेना. उद्या काढू म्हणाला आणि विसरला. चैत्रातला तो उद्या आश्विनात उजाडला होता. मी इकडे तांब्या माळ्यावर आहे असं समजून निश्चिंत.

तो पाइप म्हणजे टाकीचं नाक. पाणी तापलं की त्यातली हवा सुटते आणि या नाकावाटे बाहेर जाते. आम्ही नाक दाबलं, तर हवा टाकीच्या माथ्यावर साठली आणि गरम पाण्याच्या पाइपाचं तोंडही तिथंच, म्हणून पाण्याऐवजी हवाच पाइपात शिरायची. चिंधीतून थोडा श्वास जात होता तोवर टाकी खोकत तरी होती. प्लंबरने लांबी थापून तोही बंद केला.

नवऱ्याने पान्याने लांबी ठोकून काढली आणि तांब्याला दोन्ही हातांनी मिठी मारून पिळलं. तांब्या निघाला, टाकीने लांबलचक ढेकर दिली आणि नवरा धपकन गच्चीवर बसला. मांडीत मामाचं नाव, अंगावर करपलेली चिंधी. मला हसून हसून कठड्याला धरावं लागलं. खालून आईंचा आवाज आला, की न्हाणीतला नळ उघडा राहिलाय, बादली भरून चाललीय, कुणीतरी या.

त्याच पाण्याने आईंनी अंघोळ केली. चांगलं कढत. लालबुंद होऊन बाहेर आल्या, आंग मोकळं झालं म्हणाल्या. मी जिंकले होते. नवऱ्याला सांगितलं की आता ती माती उचल आणि परसात टाक. तेवढ्यात आई पदर खोचून ढिगापाशी बसल्या आणि परत पाणी शिंपडायला लागल्या.

मग मात्र मी चिडले. नळाला पाणी आलं, तुम्ही न्हालात, आता ही चूल कशाला, असं सरळ विचारलं.

"पाण्यासाटी कोण घालतंय?" त्या मातीकडे बघतच म्हणाल्या. "चूल होती तवा तू सकालची माझ्याजवल बसायचीस. आता नल सोडतेस नि जातेस. मी काय टाकीशी बोलू?"

धुराचं, लोकलचं, केसांच्या वासाचं, सगळं उत्तर माझ्याकडे तयार होतं. डोळ्यांत मात्र पाणी आलं, तेही धुराशिवाय.

"धूर तुमच्या अंगावर जाईल असं तोंड ठेवा चुलीचं," मी म्हटलं, साडी वर खोचली आणि माती तुडवायला उतरले.