मटारच्या टोपलीआडून लिहिलेली परीक्षणं

नवऱ्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही, तो वारला. लेकीला नाही. संध्याकाळी देवापुढे बसून दिवसभराच्या चुका आठवते, तेव्हासुद्धा हे एक कलम मी सोडून देते — देवाला ठाऊक असेलच, मग काहून उगाळायचं? पण तुम्हाला ठाऊक नाही. आणि फसवलंय तर तुम्हालाच.

आपल्या मंडळाच्या त्रैमासिकात भुताखेतांच्या आणि अंतराळातल्या नव्या सिनेमांवर — आधी कॅसेटी, मग सीडी, आता नात बंगलोरहून पाठवते त्या चकचकीत डिस्का — इतकी वर्षं कोण तोंडसुख घेऊन राहिलं? मी. सदर बाजारात भाजी घेताना लोक अडवतात. "काकू, तो नवा भूतवाला कसा आहे? बघावा का?" मी म्हणते, "भूत बरं आहे, माणसं पाहवत नाहीत." हसतात. मीही हसते.

तर ऐका. यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही.

थांबा, आता तरी खोटं नको — अर्धा पाहिला होता. पहिलाच. कपाटातून एक ओला हात बाहेर आला आणि मी उठून थेट स्वयंपाकघरात. घरच्यांना सांगितलं, दूध उतू जात होतं. दूध फ्रीजमध्ये होतं!

तेव्हा मी तिशीतली. डोक्यावर गॉगल, ओठांना लाली, आणि मंडळात ऐट अशी की आमच्यासारखी धीट बाई अख्ख्या जबलपुरात नाही. परीक्षण लिहिते असं मीच पुढे होऊन सांगून बसले होते. आता माघार कशी घ्यायची? मूर्ख बाई. आज भेटली तर दोन कानाखाली देईन.

मग मी एक युक्ती काढली. रविवारी दुपारी व्हीसीआर भाड्याने यायचा, कॅसेट दुकानदार सगळ्यात आधी आमच्याकडे पाठवायचा. पडदे ओढायचे. आणि मी टोपलीभर मटार घेऊन बसायची, मान खाली घालून. जवळच्या पनागरचा मटार संपला की तांदूळ निवडायची. आमच्या घरी त्या वर्षांत भातात खडा म्हणून लागला नाही.

मग पाहायचं कुणी?

पाहायच्या वन्सं. माझी थोरली नणंद, कुमुद. लग्न झालं नाही, आमच्यातच राहायच्या, आतल्या खोलीत बायकांचे ब्लाउज शिवायच्या. सगळ्यांत पुढे, खुर्चीच्या कडेवर बसायच्या आणि पडद्याशी बोलत राहायच्या. "अगं, यानात एवढी बटणं, पण दाराला साधी कडी नाही?" "शास्त्रज्ञ म्हणे! जिथे हात लावू नको म्हटलं तिथेच लावून राहिला." आणि एकदा, अगदी हळू — "हे भूत घाबरवून नाही राहिलं गं. त्याच्याशी कोणी बोलतच नाही, म्हणून येते बिचारं."

मटारच्या सालांखाली माझी वही ठेवलेली असायची. शब्द न् शब्द उतरवून घ्यायची. रात्री त्यांच्या बोलीतल्या 'येते'चं छापील 'येतं' करायची, खाली माझं नाव. एवढंच काय ते माझं लेखन.

भुताचं ते वाक्य फार गाजलं. गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं संपून प्रसाद वाटत होते, तेव्हा मंडळाचे सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, काय वाक्य आहे!" वन्सं माझ्या शेजारी द्रोण भरत होत्या. त्यांचा चेहरा असा उजळला — आणि त्या म्हणाल्या, "ते मी म्हटलं होतं."

तक्रार नव्हती त्यात. नुसता आनंद होता. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! मी काय म्हटलं?

"वन्सं? अहो, त्या पाल दिसली तरी पलंगावर चढतात!"

सगळे हसले. वन्संही हसल्या, द्रोण भरत. आणि खरं सांगू? पलंगावर मी चढते. झाडू घेऊन पाल हाकलतात त्या.

पुढच्या रविवारी पडदे ओढले, मी तांदळाचं ताट घेऊन बसले. वन्सं आल्या नाहीत. आतून मशीनचा आवाज येत राहिला. बोलवायला गेले तर म्हणाल्या, "तूच पाहा. तुला समजते." आवाजात राग नाही, काही नाही. तेव्हा मी माफी मागायला हवी होती. मी काय केलं? वहीत त्यांच्या वाक्यांची, अजून न वापरलेली किती पानं शिल्लक आहेत ते पाहिलं.

पुष्कळ होती. त्यानंतर मी तीच पानं उलटून-पालटून वापरली. डबीच्या पाठीवरचा मजकूर वाचायचा, वहीतून वाक्य उचलायचं, 'यान'च्या जागी 'स्थानक' करायचं. कुणालाच कसं कळलं नाही? कारण सिनेमे तेच! तोच अंधार, तेच दार, तेच "चलो, आपण वेगवेगळे जाऊन शोधू" म्हणणारे दीडशहाणे. गेल्या अंकात म्हाताऱ्याची सेवा करणाऱ्या यंत्राच्या सिनेमावर मी लिहिलं — यंत्र बरं चालते, तेल माणसाला हवं आहे. तुमच्यापैकी तिघांनी फोन करून शाबासकी दिली. ते वाक्य वन्संनी कॅसेटच्या काळात म्हटलेलं आहे. त्या खेपेला घाईत 'चालते'चं 'चालतं' करायलाही विसरले. त्यांचीच बोली छापून आली.

ओळखू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते माझ्याच घरात राहतं. वन्संना आता जवळजवळ दिसत नाही. अंक आला की व्हरांड्यात बसून मीच वाचून दाखवते — संपादकीय, निधनवार्ता, अनारशांची कृती, सगळं. फक्त माझं पान गाळते. दर वेळी विचारतात, "तुझं नाही का गं ह्या वेळी?"

"जागा नव्हती म्हणे."

"अच्छा."

त्या 'अच्छा'त काय असतं मला कळत नाही — की कळतं?

हा अंक येईल तेव्हा हे पान मी गाळणार नाही. पहिल्या ओळीपासून वाचीन, पालीसकट. वही त्यांच्या मांडीवर ठेवीन. त्यावर त्या काय म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत, ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांची पुष्कळ वाक्यं माझ्या नावाने छापून झाली. ते एक त्यांचंच राहू दे.