स्क्रॅपवाल्या बाई

समोरचा माणूस बोलत असताना बाई शांतपणे पदर कमरेला खोचायच्या. तो थांबला की म्हणायच्या, "झालं तुमचं? आता माझं ऐका." साहेब असो नाहीतर कॅन्टीनवाला, त्यात फरक नव्हता.

ठाण्यातल्या आमच्या कारखान्यात क्रेनचे हूक बनायचे. मी डिस्पॅचला, बाई तपासणीला. शहाडहून यायच्या. नापास मालावर लाल फुली मारून "स्क्रॅप" एवढंच म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, सरळ भंगार म्हणा की."

"भंगार वेगळं. माझ्या सासूबाईंचा स्टोव्ह भंगारात गेला, पण आयुष्यभर रांधून गेला. हे कामावर जायच्या आधीच फुटलंय. याला भंगार म्हटलं तर त्या स्टोव्हचा अपमान होईल."

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल, जिच्याशी वाद घालायला कोणी जात नाही. आमच्याकडे नवे मॅनेजर गेले.

एका मोठ्या ऑर्डरच्या हुकांना मानेपाशी तडे निघाले. केसासारखे बारीक, पण डोळ्यांना दिसणारे. मॅनेजरनीही पाहिले. म्हणाले, "घासून रंग मारा. आज गाडी गेली पाहिजे."

"मी सही करणार नाही."

"मी करतो. तुम्ही बाजूला व्हा."

बाईंनी पदर खोचला. "झालं तुमचं? आता माझं ऐका. या हुकाच्या आसपास माणसं काम करणार आहेत. वरून लोखंड आलं तर तुमची सही आडवी येणार नाही."

मॅनेजर केबिनमध्ये गेले.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कॅन्टीनमध्ये होतो आणि कटिंग मशीनचा आवाज यायला लागला. सुट्टीत मशीनं बंद असतात, म्हणून धावत गेलो. बाई एकट्याच तिथे. डोळ्यांना चष्मा, आजूबाजूला ठिणग्या. एकेक हूक आवळून त्याचे दोन तुकडे करत होत्या.

कोणीतरी म्हणालं, "बाई, नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण हा माल गेटबाहेर जाणार नाही. बघत काय राहिलात? पुढचा आणा."

आधी कोणीच हललं नाही. मग फोर्जिंगच्या एका जुन्या कामगाराने हूक उचलून त्यांच्यापुढे ठेवला. दुसरा मी नेला. मॅनेजर पोहोचले तेव्हा सगळा ढीग कापून झालेला.

बाईंना काढून टाकायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि त्यात हुकांच्या तड्यांचाही उल्लेख आला असता. म्हणून मॅनेजरनी बाईंचं पदच "स्क्रॅप" केलं आणि त्यांना मागच्या स्क्रॅप यार्डात बसवलं. पत्र्याची शेड, एक खुर्ची, पंखा नाही. कंटाळून राजीनामा देतील असा अंदाज होता.

बाईंनी घरून पंखा आणला. फुटक्या पिंपात ओवा लावला. दुपारी आम्ही चहा प्यायला तिकडेच जायला लागलो.

माझ्या मुलीने सांगितलेलं, इंग्रजीत स्क्रॅपचा एक अर्थ भांडण, मारामारी असाही आहे. मी ते बाईंच्या कानावर घातलं. पोटभर हसल्या. "म्हणजे साहेबांनी मला बरोबर खातं दिलंय."

एकदाच त्यांचा आवाज ओला झालेला ऐकला. बोटं चोळत म्हणाल्या, "तपासणीचा हात जातोय रे." ओव्याची पानं खुडून त्यांनीच विषय बदलला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शहाडला त्यांच्या घरी बसलेलो असताना मला त्यांचा निवृत्तीचा, कारखान्यातला शेवटचा दिवस आठवत होता.

कंपनीने निरोप समारंभ ठेवला नव्हता. यार्डातल्यांनी मागच्या गेटने जायचं, असा नियम होता. बाई पर्स खांद्याला लावून सरळ मशीन शॉपमधून निघाल्या. फोर्जिंगवाल्यांनी हॅमर थांबवला. मग एकेक मशीन बंद होत गेलं. वरच्या मजल्यावर काचेमागे मॅनेजर उभे होते. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मेन गेटवर सिक्युरिटीवाला अडखळत म्हणाला, "बाई, तुमचं गेट मागे आहे."

"माहितीये. हे उघड."

त्याने बाजूचं छोटं दार तसंच बंद ठेवलं आणि ट्रकसाठीचं मोठं फाटक पूर्ण उघडलं. बाई त्याच्या मधोमध चालत बाहेर पडल्या आणि शेअर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.