नाव आत्याच ठेवणार

"तिकडं तू लोकायले बाटवून राह्यली म्हने?"

हा प्रश्न मला आर्णीच्या बसस्टँडवर विचारला गेला, गावात पाय ठेवायच्याही आधी. विचारणारा शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझी गणितं बिनदिक्कत उतरवून घ्यायचा. आता त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, "अरे बाप्पा, थे लोक आजा-पणजापासून ख्रिस्ती हायत. त्यायच्यात नवी मीच आहो. बाटवू कोनाले?"

"मंग तुले तिकडं कायले धाडलं?"

"बाळंतपनं कराले."

त्याचा चेहरा पडला. त्याला काहीतरी खमंग हवं होतं.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे एक गोरा माणूस डोळ्यांसमोर येतो, पांढरा झगा घातलेला. मी आर्णीजवळच्या एका गावातल्या शेतकऱ्याची सावळी पोरगी. कापूस वेचून बोटं ओरबाडून घेतलेली. मलावी नावाचा आफ्रिकेत एक छोटा देश आहे, तिथल्या एका मिशन दवाखान्यात मी सुईणींना शिकवते. तिथे हिंदुस्थानी माणूस म्हणजे दुकानदार, अशी पक्की समजूत. सुरुवातीला बाजारात बायका मला साखरेचा भाव विचारायच्या. आणि गावाकडे आले की मला विचारतात, एक माणूस ख्रिस्ती केला की गोरे लोक किती देतात. दोन्हीकडे मी व्यापारीच. आता मी चिडायचं सोडून दिलंय, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी अजूनही चिडते.

तिथलं माझं आयुष्य लोकांना वाटतं तितकं पवित्रही नाही आणि रोमहर्षकही नाही. सकाळी उठून अंगण झाडते, कारण हात शिवशिवतात. मग प्रार्थना करते, वऱ्हाडीत. शेजारच्या बाईला वाटायचं, ही कुठलीतरी जुनी पवित्र भाषा असेल. मी देवाला "आज लाइट जाऊ देऊ नोको बाप्पा" एवढंच म्हणत असते, कारण वीज गेली की प्रसूतीच्या खोलीत विजेरी तोंडात धरून काम करावं लागतं. दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी. आणि तूर! हो, तिथेही तूर होते. हिरव्या शेंगा उकडून, सोलून खातात. पहिल्यांदा ती पाटी समोर आली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले होते. सगळ्यांना वाटलं, हिला जेवण आवडलं नाही.

मी ख्रिस्ती कशी झाले, हे मी इथे सांगत बसणार नाही. नर्सिंग शिकताना झाले. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी फसवलं नाही, स्वप्नबिप्न पडलं नाही. मला येशू आवडला, आणि मग आवडतच राहिला. ज्यांना हे पुरेसं वाटत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरं कारण नाही.

तर मी गावी का आले होते, ते. माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. त्याचा फोन आला तेव्हा मी सुईणींच्या वर्गात होते. तो बोलत कमी होता आणि हसत जास्त होता. शेवटी म्हणाला, "ताई, बारसं आमी थांबवून ठेवतो. नाव तुलेच ठेवाचं हाय. तू नाई आली त पोरगी बिननावाची राहीन."

माझ्या हातात तिथे कितीतरी लेकरं पहिल्यांदा रडली आहेत. पुष्कळदा आया म्हणतात, तुम्हीच नाव ठेवा. मी ठेवत नाही. मी विचारते, बापाची बहीण कुठे आहे? तिला बोलवा. आमच्याकडे तो मान तिचा असतो. त्या हसतात, पण कुणीतरी धावत जाऊन खरोखर त्या बहिणीला घेऊन येतं. दुसऱ्यांच्या आत्यांसाठी इतका हट्ट धरणारी मी, माझी पाळी आली तेव्हा सुटी मंजूर व्हायच्या आतच बॅग भरून बसले.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात तुरीच्या शेंगांचे सोले काढत बसली होती. आम्ही तिला माय म्हणतो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "बारीक झाली," म्हणाली, आणि शेंगांनी भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं. मी सोलायला बसले. माझ्या धर्माबद्दल माय कधी एक शब्द बोललेली नाही, चांगला नाही, वाईटही नाही. फोनवर जेवली का, ताप-बीप नाही ना, एवढंच. त्या दिवशी मात्र माझ्या गळ्याकडे बघून हळूच म्हणाली, "थे पदराखाली घे. तुहे मोठेबाबा येनार हायत." गळ्यात बारीक साखळीत क्रूस होता. मी तो पदरावर ठेवला, नीट दिसेल असा. माय पुढची शेंग सोलू लागली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला ठाऊक आहे, असं मी तेव्हा धरून चालले होते.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. ते आले, चहा घेतला, बाळाच्या मुठीत नोट ठेवली आणि माझ्याकडे न बघता भावाला म्हणाले, "नाव दारव्ह्याची ठेवन." दारव्ह्याची म्हणजे दारव्ह्याला दिलेली त्यांची लेक, आमची चुलत बहीण. तीही आत्याच, त्यात वाद नाही.

"आन् मी?" मी विचारलं.

"तू पाहुनी म्हनून बस. जेव, राह्य. तुले कोन नाई म्हनते?"

मोठेबाबा वाईट माणूस नाहीत. मी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी त्यांच्या याच लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता की तुमच्या घरात धर्म सोडतात. तिचं लग्न पुढे झालं, चांगलं झालं, पण ती मधली वर्षं त्यांनी मान खाली घालून काढली. हे मला माहीत आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि आत्याचा मान सोडणं वेगळं.

"मोठेबाबा, मी धर्म बदलला. भाऊ नाई बदलला. त्याच्या पोरीची सख्खी आत्या मीच आहो."

मग त्यांनी मनातलं सांगितलं. "नाव त मागून साऱ्यायले समजन. पन कानात तू काय फुकशीन, थे कोनाले आयकू येनार हाय? लेकराच्या कानात तुह्या देवाचा मंत्र गेला त आमाले कसं समजन?"

मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. म्हणजे भीती याची होती. माझ्या फुंकरीत एवढी ताकद आहे, असं माझ्या मिशनमध्येही कुणाला वाटत नाही.

"आजवर कोन्या आत्यानं कानात काय सांगतलं, थे तुमी आयकलं का कधी?"

"त्या आत्या घरच्या होत्या," ते म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

संध्याकाळी भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. बिचारा दोन्हीकडून ओढला जात होता. म्हणाला, "ताई, असं करू. नाव तू मले सांग. थेच नाव ती ठेवन. मंग झालं ना तुह्या मनासारखं?"

"मी नाव सुचवाले नाई आली रे," मी म्हटलं. "मी ठेवाले आली."

त्याच दिवशी यवतमाळच्या चर्चमधल्या ओळखीच्या एका पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी कशी पोचली, देव जाणे. त्यांनी प्रेमाने समजावलं की पाळण्याला हळदकुंकू वाहतात, देवांची नावं घेतात, तिथे प्रभूच्या सेविकेने उभं राहू नये, लोक विश्वासात अडखळतील. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "साहेब, भाचीच्या कानात तिचं नाव सांगणं जर प्रभूला खटकत असेल, तर त्याच्याशी माझं मी बोलून घेईन. आमची रोज भेट असते." ते म्हणाले, तुमच्यासाठी प्रार्थना करतो. मी म्हटलं, जरूर करा. एका देवाच्या माणसांनी मला इथून हाकलायचं आणि दुसऱ्या देवाच्या माणसांनी तिथे जाऊ नको म्हणायचं. भलतंच एकमत होतं दोघांचं.

बारशाच्या दिवशी ओसरीवर पाळणा बांधला. झेंडूच्या माळा, फुगे, परातीत हळद-मीठ लावलेल्या घुगऱ्या. गल्लीतल्या बायका जमल्या. दारव्ह्याची बहीण नवी साडी नेसून पाळण्याजवळ बसली होती, मांडीवर बाळ. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिलाही हे आवडत नव्हतं, एवढं मला दिसत होतं. मी जाऊन पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. पाहुणी म्हणून बसायची जागा सतरंजीवर होती. मी तिथे बसले नाही.

पाळणा गाऊन झाला. आता नाव. 

मोठेबाबा दारातून म्हणाले, "तुले ठेवाचंच हाय ना? ठेव. पन मोठ्यानं. साऱ्यायच्या समोर. कानात नाई."

त्यांच्या परीने ते दोन पावलं पुढे आले होते. भावाने माझ्याकडे आशेने पाहिलं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! नाव तर नाव, मोठ्याने काय आणि हळू काय. पण दारव्ह्याच्या बहिणीला कुणी मोठ्याने सांग म्हटलं नसतं. मी मोठ्याने सांगितलं असतं तर त्या ओसरीवर मी आत्या राहिले नसते, संशयित झाले असते, आणि जन्मभर मला तसंच पुढे बोलावलं गेलं असतं.

"कानात म्हंजे कानात," मी म्हटलं. "नाईतर नोको."

वहिनीचे डोळे भरून आले होते. पोरीने जांभई दिली.

मग स्वयंपाकघराच्या दारातून माय उठली. बाबा गेल्यापासून ती शुभकार्यात पुढे येत नाही. तिला कुणी मनाई केली नव्हती. तिची जागा त्या दाराशी आपोआप ठरून गेली होती, आणि ठरताना तिला कुणी विचारलं नव्हतं. ती हात पुसत सरळ पाळण्यापर्यंत आली. बायकांनी वाट दिली. तिने पुतणीच्या मांडीवरून बाळ उचललं. पुतणीने लगेच सोडलं, आणि सरकून मला जागाही करून दिली. मायने बाळ माझ्या हातात ठेवलं.

"भावजी," ती मोठेबाबांना म्हणाली, डोक्यावरचा पदर सावरत, "पोरगी माह्या लेकाची हाय, आन् आत्या माही लेक हाय. होऊ द्या आता."

मोठेबाबांसमोर मायला इतकं लांब वाक्य बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. 

बाळाच्या मुठीत माझी साखळी अडकली होती. मी ती सोडवली नाही, तशीच वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगितलं, ते मोठेबाबांनी नंतर घुगऱ्या खाताखाता विचारलंच. मी खरं ते सांगितलं: तिचं नाव सांगितलं, आणि 'मी तुही आत्या' असं सांगितलं. बस. "प्रार्थना मी तिच्यासाठी रोजच करतो मोठेबाबा, तिकडूनही करतो. त्याले तिचा कान नाई लागत. देवाले लांबून आयकू येते." त्यांनी बराच वेळ घुगऱ्या चावल्या आणि मग आणखी थोड्या मागितल्या. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

पण हे सगळं नंतरचं. आधी पाठ होती. 'कुर्रर्र' झालं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, गमतीने, हलक्या हाताने. मी वाकलेलीच होते. पहिला धपाटा पडला तो हलका नव्हता. कापूस वेचणाऱ्या हाताचा होता. तो मायचा होता.

"एवढ्या लांब कायले गेली व?" ती म्हणाली.

बायका हसल्या. मायने पुन्हा हात उगारला. "यवतमाळले बाया बाळंत नाई होत का?" पुन्हा धपाटा. "इथल्या लेकरायले सुईन नाई लागत का?" आता कुणी हसत नव्हतं.

इतकी वर्षं मी समजत होते की मायचा राग क्रुसावर आहे. त्यावरची माझी उत्तरं तयार होती, सगळी, पाठ केलेली. तिचा राग माझ्या लांब जाण्यावर होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं. मोठेबाबांपुढे आणि पाळकांपुढे ताठ राहिलेली पाठ मी तिच्यापुढे आणखी वाकवली. बाळ माझ्या छातीशी होतं.

"मार, माय," मी म्हटलं. "पन मी वापस जानार आहो."

"मालूम हाय मले," माय म्हणाली. "म्हनून त मारून राह्यली."