पुसलेली द्राक्षं

गुरुवारी अक्कांना मळ्यावरून काढलं. चूक माझी होती.

साक्री तालुक्यातल्या त्या द्राक्षमळ्यावर मी हौसेनं राबायला गेले होते. आई वारल्यावर पिंप्राळ्यातल्या घरात पुस्तक उघडलं तरी वाचवत नव्हतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, बदल्यात दिवसभर बिनमजुरीचं काम, अशी ती योजना. गावोगाव फिरणारी सहा-सात माणसं तिथे आधीच उतरली होती. प्रत्येकजण स्वतःला शोधत होता आणि सापडेपर्यंत दुसऱ्याच्या मळ्यात राहत होता. आता मीही त्यांच्यातलीच.

अक्का मजूर बायांच्या मुकादम. मळ्यातली पहिली वेल लावली तेव्हापासून त्या तिथे होत्या, आणि त्यांच्या शब्दावर गावातल्या दहा-बारा बाया कामाला येत. आम्हाला शिकवणंही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. पहिल्या सकाळी त्या मला म्हणाल्या, "हात दखाड." मी दाखवले. उलटेपालटे करून त्यांनी ते सोडून दिले. "पुस्तकना हात शेतस ह्या. आठे काय कामना?" जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा तिरस्कार सगळ्यांना सारखा मिळे. पुण्याची नोकरी सोडून भटकणारा तन्मय त्यांना म्हणाला, "अक्का, मला मातीशी नातं जोडायचंय." अक्कांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "मंग जोड. पहिले बूट काढ." संध्याकाळी आम्ही गोल बसून आज कामातून काय मिळालं ते एकमेकांना सांगायचो. कोणाला शांती मिळालेली असे, कोणाला कृतज्ञता. घरी निघालेल्या अक्का एकदा जरा थांबल्या. "बठ्ठासले काही ना काही भेटनं," त्या सोबतच्या बायांना म्हणाल्या, "काम कितलं झायं ते कोनी सांगत नही." बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

तोडणी आठवड्यावर आली होती. घडातले तडकलेले मणी कात्रीनं काढायचे, घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. हे अक्का एकदाच सांगत. त्या गुरुवारी मला मण्यांवर पांढरी भुकटी दिसली. फवारणीचं औषध राहिलं असेल असं मी धरून चालले. ग्रंथालयात कोणतंही पुस्तक मी पुसल्याशिवाय कोणाच्या हाती देत नाही. ओला रुमाल घेऊन मी घडामागून घड पुसत गेले. अर्धी रांग काळीभोर चकाकू लागली. आई गेल्यापासून इतकं समाधान मला झालं नव्हतं.

ती पांढरी झाक द्राक्षाची स्वतःची असते. तीच त्याला टिकवते. ती गेली की व्यापारी घडाकडे बघतसुद्धा नाही.

"द्राक्षनं तोंड धोयं का तू?" अक्का मागे येऊन उभ्या होत्या. "मंग टिकली बी लाई देती."

तेवढ्यात मालक आले. वयानं अक्कांच्या मुलाएवढे. रांग पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे कोणी केलं?" माझ्या हातातला रुमाल मी मुठीत घेतला. तन्मय मोबाइलमध्ये पाहू लागला.

"रांग मनी शे," अक्का छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "माले बोल."

"अक्का, इतक्या वर्षांनी हे? उद्यापासून येऊ नका."

अक्कांनी कात्री त्यांच्या हातात दिली आणि त्या निघाल्या. मी उभी होते. रुमाल मुठीतच होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मालकांना खरं सांगितलं. ते हसले. "अहो मॅडम, तुम्ही शिकायलाच आलात. होतं असं."

"मग अक्कांना बोलवा."

"त्यांचं वय झालंय. आणि सोमवारी अजून सहाजण येतायत तुमच्यासारखे."

तन्मय म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, ताई. लिहून काढा, मोकळं वाटेल." त्या क्षणी त्याच्याइतकं क्षुद्र मला कोणी वाटलं नाही. मी सोडून.

मळा सोडून, सामान घेऊन मी गावात अक्कांच्या घरी गेले. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या.

"मी मालकांना सांगितलं, अक्का."

"मंग काय म्हना तो?"

"हसले."

त्यांनी सुपातला एक खडा अंगणात फेकला. "काल तू तोंड उघाडं नही. आज उघाडं, ते तुना जीवले बरं वाटो म्हनीसन."

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुनं नाव माले कोठे माहीत शे?" त्यांनी वर पाहिलंही नाही. "जाय आते. बस चुकी जाई."

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्या ओट्यापाशी गेले. अक्का थंडीत गेल्याचं त्यांच्या सुनेनं सांगितलं. आजार काय होता, विचारलं, तर म्हणाली, "घरात बसून राहायची सवय नव्हती त्यांना."

मळ्यावर आता सगळं काम बाहेरून आलेली हौशी माणसं करतात. गावातल्या बाया हंगामात गुजरातेत ऊस तोडायला जातात.